आमच्या घरातले दोन गुडघे

कुत्रा घरात आणला तो आमच्या नंदूने, त्याचे सारे करावे लागते ते मला. पण त्याच्यावर खरा हक्क सांगतात त्या माझ्या सासूबाई! "मुलखाचा खादाड आहे मेला," असे दिवसातून चार वेळा म्हणायचे आणि पाचव्या वेळी आपल्या पानातला पोळीचा तुकडा हळूच खाली सोडायचा, ही त्यांची रीत. त्यामुळे सहा वर्षांत आमचा शेरू ३८ किलोंचा झाला. जातीने लॅब्रॅडॉर, वृत्तीने पंक्तीतला आग्रही जेवणारा!

पुण्यात आम्ही तळजाईच्या टेकडीजवळ राहतो. रोज पहाटे हे शेरूला टेकडीवर नेतात. खरे म्हणजे शेरूच ह्यांना नेतो. जानेवारी २०२४ मधल्या एका सकाळी मात्र दोघे पायरीपायरीवर थांबत घरी आले. शेरूचा मागचा उजवा पाय जेमतेम टेकत होता. पडला नाही, आपटला नाही; खारीमागे धावला आणि वळताना एकदा केकाटला, एवढेच.

"मुरगळला असेल. आंबेहळद लावा," सासूबाईंनी निदान केले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही लचकच ठरवली. ह्यांनी तर स्वतःच्या पाठदुखीची आयबुप्रोफेनची गोळी त्याला द्यायला काढली होती. नंदूने हात धरला म्हणून बरे! माणसांची ती गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते, हे आम्हांला कुठे ठाऊक होते?

डॉक्टरांच्या गोळ्यांनी पंधरा दिवस बरे वाटले, पुन्हा लंगडणे सुरू. आता तो बसतानाही पाय पोटाशी न घेता बाजूला पसरून बसू लागला. या चालढकलीत सहा आठवडे गेले. अखेर आम्ही जनावरांच्या हाडांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शेरूला गुंगी दिली, एका हाताने मांडीचे हाड धरले आणि दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे ढकलले. टेबलाचा खण सरकावा तसे ते सरकले! गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटला होता. आतली कुर्चेची गादीही फाटली असावी, असे ते म्हणाले.

"पण तो पडलासुद्धा नव्हता हो," मी म्हटले.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले. खेळाडूचा अस्थिबंध बहुधा एका हिसक्याने तुटतो. कुत्र्याचा मात्र आतून झिजत, दोरीचे पीळ सुटावेत तसा तुटत येतो. खार हे शेवटचे निमित्त. शिवाय कुत्र्याच्या नडगीचा माथा सपाट नसतो, मागच्या बाजूला सुमारे २५ अंशांनी उतरता असतो. पाऊल टेकले की मांडीचे हाड त्या उतारावरून घसरू पाहते, आणि ते रोखून धरतो तो हा अस्थिबंध. उतारावरची हातगाडी दोरीने बांधून ठेवावी ना, तसा!

उपाय दोन. एक, सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा घालून नवी दोरी बांधणे. खर्च कमी, हाड कापणे नाही. दुसरा, उतारच मोडणे. नडगीचे हाड वर गोलाईत कापायचे, तो तुकडा फिरवून उतार पाचएक अंशांवर आणायचा आणि पट्टी-स्क्रूंनी पक्का करायचा. ही युक्ती अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम या पशुवैद्याची. १९९३ साली तिची माहिती छापून आली. तिचे नाव टीपीएलओ.

"आणि काहीच केलं नाही तर?" ह्यांनी विचारले.

१९८४ साली छापलेल्या एका पाहणीत, १५ किलोंच्या आतले बहुतेक कुत्रे नुसत्या विश्रांतीने सहा महिन्यांत सुधारले होते. मोठ्या कुत्र्यांत मात्र पाचांतला जेमतेम एक. दोन शस्त्रक्रियांची तुलनाही झालेली आहे. २०१३ साली छापलेल्या ८० कुत्र्यांच्या अभ्यासात, वर्षाने विचारले तेव्हा, हाड फिरवलेल्यांचे ९३ टक्के मालक समाधानी होते, धागा घातलेल्यांचे ७५ टक्के. "धागा वाईट नाही," डॉक्टर म्हणाले, "पण ३८ किलो वजन आणि खारीचा नाद! धागा ताणेल किंवा तुटेल, ही भीती आहे. हाड कापण्यातही धोके आहेतच. जंतुसंसर्ग, पट्टी ढिली होणं. आणि सांध्याची झीज कुठल्याच उपायानं पुरती थांबत नाही."

खर्च लाखाच्या वर. रात्री जेवणे झाल्यावर घरात बैठक बसली. न्हाणीघर नवे करण्यासाठी ठेवलेले पैसे होते. नंदूचे म्हणणे, मोडा ती ठेव. हे गप्प. मी मनातल्या मनात बेरजा करीत होते. तेवढ्यात सासूबाई शांतपणे म्हणाल्या,

"करा हो त्याचं. मुकं जनावर आहे. पण काय रे, माझ्या गुडघ्याचा फोटो शेवटचा कधी काढला होता?"

कुणाला उत्तर देता येईना. चार वर्षे त्या जिना धरून उतरत होत्या. "वय झालं, चालायचंच," असे त्याच म्हणत आणि आम्हांला ते सोयीचे वाटे. शेरू लंगडला म्हणून घर हलले. त्या लंगडत होत्या ते आमच्या अंगवळणी पडले होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते लागले.

त्याच आठवड्यात ह्यांनी आईला दवाखान्यात नेले. झीज होती, पण शस्त्रक्रियेची वेळ आली नव्हती. डॉक्टरांनी व्यायाम दिले, काठी दिली आणि वजन उतरवायला सांगितले. शेरूच्या डॉक्टरांनीही अगदी हेच सांगितले होते! २००२ साली छापलेल्या ४८ लॅब्रॅडॉरांच्या अभ्यासात, भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले. हे ऐकल्यापासून पानातला तुकडा बंद झाला.

मार्च २०२४ मध्ये शेरूचे हाड फिरवले. फाटलेल्या गादीचा तुकडा काढावा लागला. त्या गेलेल्या सहा आठवड्यांत ती किती फाटली, कोण जाणे. पण खरी परीक्षा पुढे होती. हाड सांधेपर्यंत दोन महिने उडी नाही, जिना नाही, धावणे नाही. गुळगुळीत फरशीवर घरातल्या झाडून साऱ्या सतरंज्या पसरल्या. पोटाखालून जुना पंचा घालून नंदू आणि हे त्याला उचलून खाली नेत. आणि दिवसभर पहारा कोणाचा? सासूबाईंचा! खुर्चीत बसून त्या पाय लांब करण्याचे आपले व्यायाम करीत आणि दाराची घंटा वाजली की काठी आडवी धरून म्हणत, "बैस! पाहुणे तुझे नाहीत."

आठ आठवड्यांनी फोटोत हाड सांधलेले दिसले. शेरू आज टेकडीवर जातो, पण दोरीत. एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दुसराही पुढे जातो, असे डॉक्टरांनी बजावले आहे. म्हणून वजनकाट्याशी आमची मैत्री आहे.

कोणी विचारले, मोठ्या कुत्र्याची ही शस्त्रक्रिया करावी का, तर मी आधी त्यांनाच विचारते: दोन महिने त्याला सांभाळायला घरात कोण आहे? पैसे उभे करता येतात. माणूस घरात असावे लागते.

न्हाणीघर अजून तसेच आहे. फक्त भिंतीला एक धरायची दांडी बसवली आहे, सासूबाईंसाठी.