निदानातील तर्क : युक्ती, उपशय आणि फलप्रामाण्यवाद

गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील दोन विषयांवर लक्षणीय ग्रंथ प्रसिद्ध झाले. एक विषय अमेरिकेत उदयास आलेला प्रॅग्मॅटिझम, म्हणजे फलप्रामाण्यवाद; दुसरा ॲबडक्शन, म्हणजे दिसलेल्या कार्यावरून त्याच्या संभाव्य कारणाची कल्पना करणारा तर्क. वैद्यांच्या त्रैमासिकात या ग्रंथांची दखल कशासाठी, असे वाचकांस वाटेल. परंतु या दोन्ही विषयांचा गाभा म्हणजे आपण रोज रुग्णासमोर बसून करतो ते निदान होय. म्हणून त्यांचा परिचय येथे थोडक्यात करून देत आहोत.

तर्काचे तीन प्रकार

चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) या अमेरिकन तत्त्वज्ञाने तर्काचे तीन प्रकार वेगळे केले. ते समजावताना त्याने घेवड्याच्या दाण्यांचे उदाहरण दिले. आपण लातूरच्या आडतीवरील तुरीचे घेऊ. या पोत्यातील सारी तूर लाल आहे, ही मूठ याच पोत्यातील आहे, म्हणून ही मूठ लाल : हे निगमन. पोत्यातून काढलेल्या मुठी लाल निघाल्या, म्हणून सारे पोते लाल तुरीचे असावे : हे विगमन. आता तिसरा प्रकार. पोत्यात लाल तूर आहे. शेजारी जमिनीवर लाल तुरीचे दाणे सांडलेले दिसतात. तेव्हा ते याच पोत्यातून सांडले असावेत. हे ॲबडक्शन. नवी कल्पना सुचते ती याच तर्कातून, आणि चूक होण्याचा संभवही यातच सर्वाधिक; कारण ते दाणे पलीकडच्या पोत्यातील असू शकतात.

१९०३ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत पर्सने फलप्रामाण्यवादाचा प्रश्न हा मुळात ॲबडक्शनच्या तर्काचाच प्रश्न असल्याचे प्रतिपादन केले. सुचलेल्या कल्पनेचा अर्थ तिच्यातून निघणाऱ्या, अनुभवास येऊ शकणाऱ्या परिणामांत पाहावा आणि ते परिणाम खरोखर दिसतात का हे तपासावे, असे या मताचे सार आहे. त्याचा सहकारी विल्यम जेम्स हा वैद्यकाचा पदवीधर होता. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) याने हाच विचार शिक्षण व लोकशाही यांना लावला.

नवे ग्रंथ

स्कॉट स्ट्राउड यांचा 'द इव्होल्यूशन ऑफ प्रॅग्मॅटिझम इन इंडिया' (२०२३) हा ग्रंथ महाराष्ट्रास विशेष जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंचे विद्यार्थी होते, आणि १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी गुरूंचे ऋण नमूद केले आहे. आंबेडकरांनी ड्यूईंचे विचार केवळ उचलले नाहीत, तर येथील प्रश्नांसाठी त्यांची पुनर्रचना केली, असे स्ट्राउड दाखवतात. १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. ते नाव नागसेन भिक्षूंना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे. परंपरेलाही प्रश्न विचारावेत, ही वृत्ती मराठवाड्यास परकी नाही.

इगोर डाऊवेन यांचा 'द आर्ट ऑफ ॲबडक्शन' (२०२२) हा ग्रंथ अशा तर्काचा कैवार घेतो. संगणकीय प्रारूपांच्या आधारे ते दाखवतात की, काही परिस्थितींत उत्तम स्पष्टीकरणाला झुकते माप देणारा विचार केवळ संभाव्यतेच्या गणितापेक्षा सरस ठरतो. लोरेन्झो मॅग्नानी यांनी संपादित केलेला 'हँडबुक ऑफ ॲबडक्टिव्ह कॉग्निशन' (२०२३) हा बृहद्ग्रंथ याच विषयाच्या अनेक शाखा एकत्र आणतो.

चरकांची युक्ती

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. पाणी, नांगरट, बीज आणि ऋतू यांच्या संयोगाने पीक येते, तशी अनेक कारणांच्या योगातून उत्पन्न होणारे भाव पाहणारी बुद्धी ती युक्ती. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात मात्र परीक्षा तीनच आहेत, आणि तेथे अनुमानाची व्याख्या युक्तीची अपेक्षा ठेवणारा तर्क अशी येते. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षितांनी 'तत्त्वसंग्रह'मध्ये चरकांचे नाव घेऊन युक्तीच्या स्वतंत्र प्रामाण्यावर आक्षेप घेतला. म्हणजे हा वाद आजचा नाही.

युक्ती म्हणजेच ॲबडक्शन, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. युक्ती त्रिकालविषयक आहे. चिकित्सेची योजना करताना ती पुढे पाहते, तर ॲबडक्शन कार्याकडून कारणाकडे मागे जाते. गर्भावरून पूर्वीच्या मैथुनाचे अनुमान, हे चरकांचे उदाहरण ॲबडक्शनला अधिक जवळचे आहे. तथापि एका लक्षणामागे अनेक कारणांचा योग पाहण्याची युक्तीची सवय या पाश्चात्त्य तर्कास मोलाची पुस्ती जोडते. ती कशी, हे आपल्याच भागातील उदाहरणाने स्पष्ट होईल.

पाठ आखडलेला रुग्ण

पन्नाशीचा शेतकरी. मान व पाठ ताठ, गुडघे दुखतात, खाली बसणे कठीण. संधिगत वात, आमवात, वातरक्त, पावसाळ्यात ज्वर येऊन गेला असल्यास चिकुनगुनियानंतरची संधिवेदना, अशी यादी आपल्या मनात तयार होते. आमवात व संधिगत वात यांचा संशय असेल तर उपशय साहाय्यास येतो. तैलाभ्यंगाने उपशम झाल्यास वातव्याधी, वेदना वाढल्यास आमवात. गूढलिंग व्याधी उपशय-अनुपशयाने ओळखावा, असे चरकांचे सांगणे आहे. कल्पना करा, तिचा परिणाम आधीच ठरवा, मग प्रयोग करून पाहा, ही पर्सची रीत त्यात स्पष्ट दिसते.

पण रुग्ण किनवट तालुक्यातील असेल तर? नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात ग्रॅनाइटी खडक आहे आणि तेथील काही गावांच्या कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. वर्षानुवर्षे याहून बरेच अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास अस्थी व स्नायुबंध कठीण होत जातात. लातूरचा बहुतांश भाग बेसाल्टचा. तेथे तीच तक्रार घेऊन आलेल्या रुग्णात ही शंका तुलनेने क्षीण राहील. लक्षण एकच, परंतु देश बदलला की कारणांची यादी बदलते.

तत्त्वज्ञ बास व्हॅन फ्रासेन यांनी १९८९ साली घेतलेला आक्षेप येथे लागू पडतो. उत्तम स्पष्टीकरण निवडले, तरी ते वाईटांतले बरे असू शकते. कारण खरे कारण यादीतच नसेल तर ते निवडले जाणार कसे? या उणिवेवर विमानस्थानाचा तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, उपाय सुचवतो. वायू, उदक, देश, काल यांचा विचार केला की पाणी यादीत आपोआप येते. मग त्याच घरातील मुलांच्या दातांकडे पाहावे. दात घडत असण्याच्या वयात, साधारण आठ वर्षांच्या आत, असे पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. आजोबांची पाठ आणि नातवाचे दात, दोन्हींचा उलगडा एकाच कारणाने होतो. तरीही ती अद्याप कल्पनाच. पाण्याची तपासणी व अग्रबाहूचे क्ष-किरण चित्र यांनी ती पारखली पाहिजे.

फल म्हणजे काय?

फलप्रामाण्यवादाचा सर्वांत मोठा विपर्यास म्हणजे 'ज्याने गुण आला ते खरे' असे समजणे. अशा रुग्णासही अभ्यंग-स्वेदनाने किंवा गुग्गुळकल्पाने काही दिवस बरे वाटू शकते. त्यावरून संधिगत वाताचे निदान सिद्ध होत नाही. वेदना काळानुसारही कमी-जास्त होतात. फल म्हणजे केवळ आराम नव्हे. आपली कल्पना खरी असल्यास जे दिसायला हवे आणि दुसरी खरी असल्यास जे दिसू नये, ते फल. आराम हेच फल मानले तर रुग्ण तेल लावत राहतो आणि तेच पाणी पीत राहतो. अस्थी एकदा कठीण झाल्यावर त्या पूर्ववत करणारे औषध नाही; खरा उपाय पाणी बदलणे हाच, आणि तो जितका लवकर तितके बरे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. केसपेपरवर औषधाआधी तीन ओळी लिहाव्यात : आमची कल्पना काय, ती खरी असल्यास किती दिवसांत काय दिसेल, आणि काय दिसल्यास ती सोडून द्यायची. औषधालयचालकांनी सांधेदुखीचा कल्प वारंवार नेणाऱ्या ग्राहकास गाव व पाण्याचा स्रोत विचारावा, आणि एकाच गावचे अनेकजण आढळल्यास नजीकच्या वैद्यास किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. एकेका रुग्णात न दिसणारे कारण गावांची नावे एकत्र ठेवल्यावर दिसू लागते, आणि ती नावे सर्वप्रथम दुकानाच्या गल्ल्यावरच ऐकू येतात.