हॅश फलन आणि देवनागरी शोधपदे : हेदवीच्या उदाहरणाद्वारे एक परिचय

प्रस्तावना

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुजा गणेशाचे मंदिर आणि बामणघळ यांमुळे परिचित आहे. एक लाख नोंदींच्या सूचीतून ‘हेदवी’ ही नोंद क्रमाने शोधल्यास सरासरी पन्नास हजार तुलना कराव्या लागतात. नोंदी अकारविल्हे लावून दर वेळी निम्म्या वगळल्यास सुमारे १७ तुलना पुरतात. नीट रचलेल्या हॅश सारणीत मात्र हे काम सरासरी एक-दोन तुलनांत होते. ही कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये मांडली. नोंद कोठे आहे हे शोधण्याऐवजी शोधपदावरूनच तिचे स्थान गणिताने काढावे, हे तिचे मर्म होय.

हॅश फलनाचे कार्य

संगणकात प्रत्येक अक्षरचिन्हाला युनिकोड क्रमांक असतो. ‘हेदवी’मधील ह, े, द, व, ी यांचे क्रमांक अनुक्रमे २३६१, २३७५, २३४२, २३५७ व २३६८ आहेत. त्यांची बेरीज ११८०३ होते. सारणीत ० ते १० असे ११ कप्पे असल्यास बेरजेला ११ ने भागून उरणारी बाकी हा कप्प्याचा क्रमांक मानता येतो. येथे बाकी ० येते. ‘गुहागर’ची बेरीज १४१०२ असून तिचीही बाकी ० येते. दोन शोधपदे एकाच कप्प्यात येण्याच्या या स्थितीस ‘टक्कर’ म्हणतात. अशा वेळी कप्प्यात नोंदींची साखळी ठेवतात किंवा पुढील रिकामा कप्पा वापरतात.

केवळ बेरजेचा दुसरा दोष असा की, ती क्रम जाणत नाही. ‘नदी’ आणि ‘दीन’ यांची चिन्हे तीच असल्याने बेरीजही तीच येते. म्हणून आधीच्या फलाला ३१ ने गुणून त्यात पुढील क्रमांक मिळवण्याची रीत रूढ आहे. जावा भाषेतील शब्दांचे हॅश याच रीतीने काढले जाते. या रीतीने, पूर्ण संख्या धरून, ‘हेदवी’ला ३ व ‘गुहागर’ला ४ हा कप्पा मिळतो. द्विमान पद्धतीत अंक पाच स्थाने सरकवून मूळ संख्या वजा केली की ३१ पट मिळते. म्हणून ही क्रिया जलद आहे. म्युरमरहॅश (२००८) व एक्सएक्सहॅश (२०१२) ही फलने एका वेळी अनेक बाइट घेऊन वेग आणखी वाढवतात. मात्र मुद्दाम टकरी घडवून यंत्रणा मंदावण्याचा धोका असेल, तेथे गुप्त संख्येवर आधारलेले सिपहॅश (२०१२) योग्य ठरते.

मराठीपुढील प्रश्न

या वेगाची एक किंमत आहे. अकारविल्हे सूचीत शब्द किंचित चुकला तरी शेजारची नोंद दृष्टीस पडते. हॅश सारणीत शेजार नसतो. एका चिन्हाच्या फरकाने शोधपद भलत्याच कप्प्यात जाते. ‘किनाऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ वापरून आठ चिन्हांत लिहिता येतो. तोच शब्द ‘र’, हलन्त व अदृश्य जोडक वापरून नऊ चिन्हांत लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. हॅश मात्र सामान्यतः भिन्न येते. ‘ऱ’ आणि नुक्तायुक्त ‘र’ यांना युनिकोडचे प्रमाणीकरण एकरूप करते. जोडकाचे रूप मात्र तसेच राहते. परिणामी ग्रंथ कपाटात असूनही ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळू शकते.

समारोप

यावर अधिक जलद फलन हा उपाय नव्हे. हॅश काढण्यापूर्वी शोधपदे एकरूप करणे हाच उपाय होय. नोंद करताना व शोध घेताना एकच नियम पाळावा लागतो. सूची तयार करणाऱ्या महाविद्यालयांनी जोडकाचे रूप ‘ऱ्’मध्ये बदलण्याचा आणि अनावश्यक मोकळ्या जागा काढण्याचा नियम आरंभीच ठरवून घेणे हिताचे आहे. हॅश फलन शब्दाचा अर्थ जाणत नाही, केवळ क्रमांक जाणते. ते क्रमांक सुसंगत राखण्याची जबाबदारी सूचीकाराचीच राहते.