मुळेचं पाणी आणि मुंबईची वीज

मैत्रिणींनो, खराडीजवळून मुळा-मुठा वाहते. पण मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळेचं बरंचसं पाणी आपल्याकडे येतच नाही. ते बोगद्यातून उलट दिशेला, कोकणात भिऱ्याला उतरतं आणि तिथे त्याची वीज होते. हे का घडलं, ते समजून घेऊ.

जुन्या सायकलचा डायनामो आठवतो? चाकाबरोबर आतलं लोहचुंबक फिरायचं, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार व्हायची आणि दिवा लागायचा. चुंबक आणि तारेचं हे नातं 1831 साली इंग्लंडमध्ये मायकल फॅरडे यांनी दाखवलं. वीजघरातलं मोठं जनित्रही असंच चालतं. फक्त त्याला पायाऐवजी पाणी किंवा वाफ फिरवते. चुंबकाची बाजू बदलली की विजेची दिशाही बदलते. म्हणून हिला एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज म्हणतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला असे 50 फेरे करते.

सुरुवातीच्या वीजघरांतून एकाच दिशेची, म्हणजे डीसी वीज मिळायची. ती मैल-दीड मैलापुढे परवडत नसे, कारण वाटेत तार तापून वीज वाया जायची. एसीचा दाब मात्र रोहित्राने, म्हणजे आपल्या डीपीसारख्या यंत्राने, वाढवता-घटवता येतो. दाब दहापट केला, तर तेवढीच वीज न्यायला करंट दहावा हिस्सा लागतो आणि तारेतली तूट शंभराव्या हिश्श्यावर येते. गावाजवळ आल्यावर डीपी तो दाब परत उतरवते, म्हणून घरात 230 व्होल्ट मिळतात.

यामुळे वीज एका जागी करून दूर दुसरीकडे वापरता येऊ लागली. जमशेटजी टाटांच्या मनातली जलविजेची योजना त्यांच्या मागे पुरी झाली. 1915 साली लोणावळ्याचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून केलेली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळाली. पुढे मुळशीचीही पाळी आली.

पण मुळशीत भाताची खाचरं होती, घरं होती, देवळं होती. 1921 साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यात बायाही उतरल्या, तुरुंगात गेल्या. तरी धरण झालं, गावं बुडाली. 1927 साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. दिवे मुंबईत लागले, घरं मुळशीत गेली.

वीज वाईट नाही. आपली पिठाची गिरणी, मसाला कांडप, शिलाई मशीन तिच्यावरच चालतात. पण तारेच्या एका टोकाला उजेड असतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणाची तरी जमीन असते, हे आपल्याला ठाऊक हवं.

तुमच्या गटात कोणा ताईचं माहेर मुळशीकडचं असेल, तर पुढच्या बैठकीत तिला जरूर विचारा, आजीकडून काय ऐकलं होतं? ते वहीत लिहून ठेवा.