आपल्याकडे पडले, तरी दिल्लीत कसे?

शुक्रवारी घोडेगावात यायचं असेल तर एक फुकटचा सल्ला घ्या. वेळ हातात ठेवून या. जनावरांचा बाजार असतो, नगर–संभाजीनगर हायवेला पिकअपची रांग लागलेली असते, आणि शनिशिंगणापूरला निघालेल्या गाड्या त्याच गर्दीत हॉर्न वाजवत उभ्या असतात. अशाच एका शुक्रवारी आम्ही चौघं स्टँडजवळ चहा पीत एसटीची वाट बघत होतो. टपरीवरच्या टीव्हीवर रामदास आठवले काहीतरी यमक जुळवून बोलत होते. सगळे हसले. तेवढ्यात आमच्यातला एक जण, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेला, सहज म्हणाला, ‘‘हे आपल्या शिर्डीत पडले होते ना? मग मंत्री कसे काय?’’

चौघांपैकी कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली, पेपरात इंटर्न. मी तरी सांगायला हवं होतं. ‘‘ते राज्यसभेतून गेलेत,’’ एवढं म्हणाले आणि पुढचा प्रश्न आला, ‘‘मग राज्यसभेला मतदान कोण करतं? आपण तर कधी केलं नाही.’’ तिथे मी चहाचा घोट घेतला. थोडा लांबच.

तुम्हाला येतं का उत्तर? खरं सांगा. दहावीच्या पुस्तकात होतं, आपण ते पाच मार्कांसाठी पाठ केलं आणि पेपर झाल्यावर सोडून दिलं. म्हणून मी परत बसून शोधलं, आणि आपल्या गावापासूनच सुरुवात केली.

घोडेगाव नेवासा तालुक्यात. नेवासा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनंतर शिर्डी लोकसभेत आला. अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर आणि आपण, असे सहा मिळून एक खासदार. जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणजे उमेदवार त्या प्रवर्गातला हवा, मतदान मात्र सगळ्यांनी करायचं. (राखीव जागेवर फक्त त्याच प्रवर्गातले लोक मत देतात, असं समजणारा एक पदवीधर मला भेटला आहे. नाव छापत नाही.)

२००९ मध्ये या नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक झाली. शिवसेनेचे भाऊसाहेब वाकचौरे एका बाजूला, काँग्रेस आघाडीच्या पाठिंब्यावर आठवले दुसऱ्या बाजूला. आठवले सव्वा लाखाहून जास्त मतांनी पडले. हा झाला लोकसभेचा दरवाजा. तो उघडायची चावी थेट आपल्या बोटाला लागलेल्या शाईत असते.

या दरवाजाचा नियम सोपा आहे. ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो आत. निम्मी मतं मिळालीच पाहिजेत असं काही नाही. १३ मे २०२४ चं आपलं मतदान आठवा. वाकचौरे, आता ठाकरेंच्या शिवसेनेकडून, ४,७६,९०० मतं. सदाशिव लोखंडे, शिंदेंच्या शिवसेनेकडून, ४,२६,३७१. फरक ५०,५२९ मतांचा. तिसऱ्या नंबरवर वंचितच्या उत्कर्षा रूपवते, त्यांना नव्वद हजारांहून जास्त. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराची मतं पहिल्या दोघांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी. जिंकणाऱ्याला एकूण मतांपैकी साधारण पंचेचाळीस टक्के मिळाली, उरलेल्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. पारावर बसलेली माणसं निवडणुकीआधी ‘कोण किती मतं खाणार’ याचा हिशोब का करत बसतात, ते आता कळलं. मला आधी वाटायचं रिकामटेकडेपणा आहे.

देशभरात असे ५४३ मतदारसंघ, त्यातले ४८ महाराष्ट्रात. वयाची पंचविशी पूर्ण केलेला मतदार उभा राहू शकतो. आपल्याकडे एका उमेदवाराला लोकसभेसाठी ९५ लाखांपर्यंत खर्च करायची मुभा आहे. तोंडावर मात्र ताबा ठेवावा लागतो, आणि याचं देशात गाजलेलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. १९९१ मध्ये नगर लोकसभेला सोनईचे यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील समोरासमोर होते. गडाख जिंकले. पण प्रचारात प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल केलेल्या विधानांवरून विखे कोर्टात गेले आणि ती निवडणूक रद्द ठरली. सुप्रीम कोर्टातही रद्दच राहिली. कायदा शिकणारे आजही हा खटला वाचतात. सोनई इथून हाकेच्या अंतरावर, आणि आपल्याला हे रीलमधून कळायची वेळ यावी!

आता दुसरा दरवाजा, राज्यसभेचा.

इथे आपण थेट मत देत नाही. राज्यातले आमदार देतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत आणि विधानसभेतले २८८ आमदार त्या भरतात. सगळ्या एकदम नाही. राज्यसभा कधी बरखास्तच होत नाही. सहा वर्षांची मुदत, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. एकूण २४५ सदस्य, त्यात १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. उभं राहायला वय तीस हवं.

आणि गंमत पुढे आहे. आठवले २०१४ मध्ये राज्यसभेत गेले, २०२० मध्ये पुन्हा गेले. दोन्ही वेळा जितक्या जागा तितकेच उमेदवार, त्यामुळे सगळे बिनविरोध. एकाही आमदाराला मतपत्रिका हातात घ्यावी लागली नाही. शिर्डीत लाखो लोकांनी नाकारलेला उमेदवार मुंबईत एकाही मताशिवाय खासदार झाला, आणि २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री आहे. आमच्या बीएस्सीवाल्याला मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘‘ही तर मागच्या दारानं एंट्री.’’

त्याला मी एकच नाव सांगितलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब हरले. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा घडवला, त्यांना लोकांनी लोकसभेत पाठवलं नाही. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले, पण संसदेत त्यांचा आवाज होता तो या दुसऱ्या दरवाजामुळे. तेव्हा ‘मागचं दार’ म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. दार कुणासाठी उघडलं जातं, हा खरा वादाचा मुद्दा आहे. साताऱ्याचे उदयनराजे २०१९ ची पोटनिवडणूक हरले, २०२० मध्ये राज्यसभेत गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा लोकसभा जिंकून आले. आता हे तुम्ही कोणत्या रकान्यात टाकाल?

बिनविरोधची ही परंपरा मोडली १० जून २०२२ ला. सहा जागा, सात उमेदवार. चोवीस वर्षांनी महाराष्ट्रात राज्यसभेला खरंखुरं मतदान झालं. आमदारांना हॉटेलांत ठेवलं होतं, मीम्सचा पाऊस पडला होता, तुम्हाला आठवत असेल. पण त्या मतपत्रिकेचं गणित तेव्हा कुणी समजावून सांगितलं नाही. ते मला सगळ्यात जास्त आवडलं.

आमदार बटण दाबत नाही. उमेदवारांच्या नावांसमोर पसंतीक्रम लिहितो, १, २, ३ असा. मग कोटा ठरतो. वैध मतं घ्यायची, त्यांना जागा अधिक एक या आकड्याने भागायचं. त्या दिवशी वैध मतं होती २८४. सहा जागा, म्हणून सातने भागा. साडेचाळीसच्या थोडं वर, म्हणजे ४१ मतं मिळाली की माणूस पास. आता पहिल्या पसंतीची मतं बघा. शिवसेनेचे संजय पवार ३३. भाजपचे धनंजय महाडिक २७. शिर्डीचा नियम लावला तर पवार जिंकले. पण भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं होती. गरजेपेक्षा साधारण सात-सात जास्त. ही जादा मतं वाया जात नाहीत, त्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती ज्याची असेल त्याच्याकडे सरकतात. २७ अधिक सात अधिक सात. करा बेरीज. पहाटे निकाल लागला तेव्हा महाडिक खासदार होते.

आणखी दोन गोष्टी. एक, हे मतदान गुप्त नसतं. २००३ पासून पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते, आणि फक्त त्यालाच. त्या दिवशी एक मत याच नियमावरून बाद झालं. दोन, त्याच २००३ च्या दुरुस्तीने उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही गेली. म्हणून उत्तर प्रदेशचे शायर इमरान प्रतापगढी महाराष्ट्राचे खासदार होऊ शकले. राज्यांची सभा म्हणायची आणि राज्याबाहेरचा माणूस पाठवायचा, हे मला पटत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ते वैध ठरवलं आहे, तरी मला पटत नाही.

मतदान केलेल्या त्या आमदारांमध्ये नेवाशाचे तेव्हाचे आमदार शंकरराव गडाखही होते. त्यांना २०१९ मध्ये आपल्याच तालुक्याने निवडून दिलं होतं. म्हणजे राज्यसभेत तुमचं मत नसतं असं नाही. ते आमदाराच्या खिशात बसून मुंबईला जातं.

बरं, दोन सभागृहं लागतातच कशाला? पैशाचं विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी तिजोरीतला खर्च, आधी लोकसभेत. राज्यसभा ते फार तर चौदा दिवस ठेवू शकते, अडवू शकत नाही. सरकार पाडणं हेही लोकसभेचंच काम. १९९९ मध्ये वाजपेयी सरकार तिथेच एका मताने पडलं. बाकी बहुतेक कायद्यांना मात्र दोन्हीकडे मंजुरी लागते. जमलंच नाही तर संयुक्त बैठक, जी सत्तर वर्षांत तीनदाच झाली. १९६१ मध्ये हुंड्याच्या कायद्यासाठी, मग १९७८ आणि २००२ मध्ये.

हे सगळं मी घरी वडिलांना सांगत होते. आमचा कांदा घोडेगावच्याच मार्केटला जातो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग निर्यातबंदी कोणत्या सभागृहात झाली?’’

कुठल्याच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली ती एका अधिसूचनेने. परदेशी व्यापाराचा १९९२ चा कायदा सरकारला तो अधिकार देतो. मतदान नाही, चर्चा नाही. उठली ४ मे २०२४ ला, आपल्या मतदानाच्या नऊ दिवस आधी, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. त्याआधीचं २०२० तर भारीच आहे. जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यातून कांद्याला बऱ्यापैकी मोकळं करणारं विधेयक लोकसभेने १५ सप्टेंबरला मंजूर केलं. आणि कांद्याची निर्यात सरकारने बंद केली कधी? १४ सप्टेंबरला. आदल्या दिवशी.

‘‘मग खासदार काय करतो?’’ वडील म्हणाले. प्रश्न विचारू शकतो, शून्य प्रहरात बोलू शकतो, मंत्र्याला उत्तर द्यायला लावू शकतो. संसदेच्या वेबसाइटवर प्रत्येक खासदाराने विचारलेले प्रश्न असतात, मी वाकचौरेंचे आणि लोखंडेंचे उघडून वाचले. तुम्हीही वाचा. दहा मिनिटं लागतात, कांद्याबद्दल कोण किती बोललं ते दिसतं.

आता एक कबुली. एवढं सगळं लिहितेय खरी, पण १३ मे २०२४ ला माझ्या बोटाला शाई नव्हती. मी पुण्यात हॉस्टेलला होते. नाव गावाला घालायचं की पुण्यात, या विचारात फॉर्म सहा भरायचाच राहिला. नोव्हेंबरमधल्या विधानसभेलाही तसंच. तेव्हा नेवाशात विठ्ठलराव लंघे आणि गडाख यांच्यात चार हजार आणि काही मतांचा फरक पडला. आमच्या तालुक्यातली पुण्या-नगरला शिकणारी पोरंपोरी तेवढी असतील की जास्त, हे मी मोजलेलं नाही. त्या आमदाराच्या मतावर पुढचे राज्यसभेचे खासदार ठरणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं.

नियम असा आहे की बाहेरगावी शिकणारा विद्यार्थी हॉस्टेलच्या पत्त्यावर किंवा घरच्या पत्त्यावर नाव घालू शकतो. दोन्हीकडे नाही. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. फॉर्म मोबाइलवर भरता येतो. मी घोडेगावचा पत्ता टाकला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच टपरीवर भेटलो. मी सगळं एका दमात सांगितलं, २७ अधिक सात अधिक सातसकट. बीएस्सीवाल्याने गणित कागदावर करून बघितलं आणि मान डोलावली. मग म्हणाला, ‘‘आणि ते विधान परिषदेचं काय असतं? तिथे म्हणे पदवीधरांना वेगळं मत असतं. आपण होणार की पदवीधर!’’

एसटी आली होती. बसायला जागा मिळाली नाही, त्यामुळे तो विषय नगरपर्यंत उभ्यानेच चालला.