कुरिअरचे दर वाढले: घरपोच गूळ-हळद विकताना हिशेब कसा बसवायचा?

गेल्या हंगामात एका गूळ उत्पादक शेतकऱ्याने त्यांची विक्रीची वही माझ्यासमोर ठेवली. व्हॉट्सॲप आणि ऑनलाइन ऑर्डर दीडपट झाल्या होत्या, पण हातात उरणारा पैसा कमी झाला होता. गुऱ्हाळाचा खर्च फारसा वाढला नव्हता. गळती होती ती कुरिअरच्या बिलात. "घरपोच, डिलिव्हरी मोफत" हा दर त्यांनी दोन वर्षांपूर्वी ठरवला आणि तोच पुढे चालू ठेवला होता.

थेट विक्री करणाऱ्या अनेक शेतकऱ्यांचे असेच होते. म्हणून आधी बिल कसे तयार होते ते समजून घ्या.

कुरिअरचे बिल कसे बनते?

१. वजनाचा टप्पा: बहुतेक ठिकाणी दर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने असतो. वजन टप्प्याच्या थोडे जरी वर गेले तरी पुढच्या पूर्ण टप्प्याचे पैसे लागतात. खोका, प्लास्टिक पिशवी, चिकटपट्टी हे सगळे वजनात धरले जाते.

२. आकारमानाचे वजन: खोक्याची लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) करून साधारणपणे ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि प्रत्यक्ष वजन यात जे जास्त, त्यावर आकारणी होते. काही कंपन्या भाजक वेगळा धरतात, तो आधी विचारून घ्या.

३. इंधन अधिभार: मूळ दरावर टक्केवारीने लागतो आणि वेळोवेळी बदलतो. दरपत्रक तेच दिसते, बिल मात्र वाढते.

४. जीएसटी: कुरिअर सेवेवर १८ टक्के, तोही अधिभार धरून. जीएसटी नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला याची वजावट मिळत नाही, हा पूर्ण खर्च त्याच्याच अंगावर पडतो.

५. इतर आकार: कॅश ऑन डिलिव्हरी, दुर्गम भाग, परतीचे भाडे.

मोठे विक्रेते रोज हजारो पार्सल देतात, त्यामुळे त्यांना करारात कमी दर मिळतो. दिवसाला पाच-दहा खोकी पाठवणाऱ्याला तो मिळत नाही. दरवाढीचा फटका लहान विक्रेत्याला जास्त बसतो तो यामुळे.

एका किलो गुळाचा हिशेब

खालील आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या बिलातील आकडे घालून हाच हिशेब करा.

एक किलोची भेली घरपोच ३२० रुपयांना विकली. गुळाचा उत्पादन खर्च ६५ रुपये, खोका व पॅकिंग २० रुपये. पॅकिंगसह वजन १.१५ किलो, म्हणजे आकारणी १.५ किलोची.

- जुना दर: पहिल्या ५०० ग्रॅमला ५० रुपये, पुढील प्रत्येक ५०० ग्रॅमला ४० रुपये. एकूण १३० रुपये. २० टक्के इंधन अधिभार आणि १८ टक्के जीएसटी धरून १८४ रुपये. शिल्लक ५१ रुपये.
- नवा दर: पहिल्या टप्प्याला ५५, पुढे ४५ रुपये. एकूण १४५ रुपये. अधिभार ३० टक्के. जीएसटीसह २२२ रुपये. शिल्लक १३ रुपये.

प्रत्येक टप्प्याला फक्त पाच रुपये आणि अधिभारात १० टक्क्यांची भर, एवढ्यावर नफा चौथाईवर आला. आता यातला एक खोका ग्राहकाने न घेता परत आला आणि परतीचे भाडेही तेवढेच लागले, तर जाण्याचे २२२, येण्याचे २२२ आणि पॅकिंगचे २० मिळून ४६४ रुपये जातात. म्हणजे सुमारे ३६ खोक्यांचा नफा एका परतीत गेला. पावसाळ्यात परत आलेला गूळ पाझरलेला असेल, तर मालही गेला.

काय बदलता येईल?

टप्प्यात बसेल तेवढेच भरा. एक किलोऐवजी ८५० ग्रॅम गूळ भरला आणि पॅकिंगसह वजन एक किलोच्या आत राहिले, तर नव्या दराने भाडे २२२ वरून १५३ रुपयांवर येते. दीडशे ग्रॅम गुळाचा खर्च १० रुपये, वाचले ६९ रुपये. पाकिटावर निव्वळ वजन ८५० ग्रॅम असे स्पष्ट छापा आणि दरही त्याप्रमाणे ठेवा, ग्राहकाला एक किलो समजू देऊ नका. किंवा उलट करा: दीड किलोचे भाडे द्यायचेच असेल तर १.३ किलो माल भरा. मात्र भरलेला खोका काट्यावर ठेवूनच ठरवा, अंदाजाने नको.

किमान ऑर्डर ठेवा. तीन किलो गूळ एका खोक्यात पाठवला आणि पॅकिंगसह वजन ३.५ किलोच्या आत राहिले, तर भाडे ४९९ रुपये, म्हणजे किलोला १६६ रुपये. सुट्या किलोपेक्षा ५६ रुपये कमी. जड मालासाठी जमिनीवरील वाहतुकीचा वेगळा दर असतो, तो मुद्दाम मागा. टपाल खात्याच्या पार्सलचा दरही शेजारी मांडून पाहा.

किलोमागे किंमत पाहा. गूळ जड आणि स्वस्त. हळद पावडर तेवढ्याच वजनात त्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीची. त्यामुळे एकटा गूळ लांब पाठवण्यापेक्षा गुळाच्या खोक्यात हळदीचे सीलबंद पाकीट जोडून संच विका. एकटा गूळ जवळच्या शहरापुरता ठेवा.

हलक्या मालाचा खोका लहान करा. ज्वारीच्या लाह्या २५० ग्रॅमच, पण ३० × २० × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात घातल्या तर आकारमानाचे वजन १.८ किलो होते. नव्या दराने भाडे २९१ रुपये. असा माल स्थानिक दुकानात किंवा प्रदर्शनातच परवडतो.

आगाऊ पैसे घ्या. यूपीआयने आधी पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्या. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायचीच असेल तर पार्सल सोडण्यापूर्वी फोन करून पत्ता, पिनकोड आणि घरी कोण असेल हे पक्के करा.

शहरात एकत्र उतरवा. पुण्या-मुंबईतील एकाच सोसायटीतील दहा ग्राहकांचा माल आठवड्यातून एकदा एसटी पार्सल, ट्रॅव्हल्स किंवा टेम्पोने पाठवा. तिथला एक ग्राहक वाटप करायला तयार असेल तर त्याला एखादी भेली जादा द्या. दहा कुरिअरपेक्षा हे बहुधा स्वस्त पडते.

दर वाढवायचा का?

हो, पण मालाच्या दरात मिसळून नको. "गूळ इतके, पोहोच खर्च इतका" असे वेगळे लिहा. इंधन अधिभार बदलला की फक्त पोहोच खर्च बदलता येतो आणि नेहमीच्या ग्राहकालाही कारण कळते. काही ग्राहक कमी होतील. पण १३ रुपये शिल्लक ठेवणारे शंभर खोके आणि ५० रुपये ठेवणारे चाळीस खोके यांची तुलना करा: पहिल्यात १३०० रुपये, दुसऱ्यात २००० रुपये आणि पॅकिंगची मेहनत निम्म्याहून कमी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गटाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला सर्व सभासदांची पार्सल एकाच खात्यावरून, एकाच ठिकाणाहून देण्यास सांगा. महिन्याची एकत्रित संख्या दाखवली तर दरावर बोलणी करता येते. प्रत्येक विक्रेत्याच्या वहीत पाच रकाने आखून द्या: ऑर्डर, प्रत्यक्ष वजन, आकारलेले वजन, एकूण भाडे, परत आले का. प्रत्यक्ष आणि आकारलेल्या वजनात फरक दिसला तर बिल आल्यावर लगेच तक्रार करायला लावा. तक्रारीची मुदत थोडी असते. खोका काट्यावर असतानाचा फोटो आणि टेपने मोजलेल्या मापांचा फोटो हाताशी असू द्या.

मागच्या महिन्याची कुरिअर बिले आज काढा. एकूण भाड्याला ग्राहकाच्या हातात पोहोचलेल्या किलोंनी भागा, परत आलेला माल त्यात धरू नका. येणारा आकडा हा तुमचा किलोमागचा खरा पोहोच खर्च. पुढचा दर ठरवताना तो आकडा समोर ठेवा.