‘एनसी घेतली’ म्हणजे नेमकं काय झालं?



पहाटे शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या मुली आता गावोगावी दिसतात. 800 मीटर, 100 मीटर, मग गोळाफेक. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. आपल्या राज्यात पोलिसांच्या 30 टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे आईबापही आता म्हणतात, जाऊ दे पोरीला. निवड झाली की शिपाई मुली पोलीस प्रशिक्षण केंद्रात जातात आणि उपनिरीक्षक झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. तिथे कवायत असते तसाच कायद्याचा वर्गही असतो.

आज आम्ही तुम्हाला त्या वर्गात घेऊन जाणार आहोत. का? तर लेक जे टेबलाच्या पलीकडे बसण्यासाठी शिकते, तेच आपल्याला टेबलाच्या अलीकडे उभं राहताना लागतं.

वर्गातला अगदी सुरुवातीचा धडा असा : गुन्हे दोन प्रकारचे. दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. खून, बलात्कार, विनयभंग, पाठलाग, गळ्यातलं ओढून नेणं, हाड मोडेल अशी मारहाण, सासरचा छळ हे सगळे दखलपात्र. त्यांची नोंद होते ती प्रथम खबर, म्हणजे एफआयआर. अदखलपात्र गुन्ह्यात, जसं शिवीगाळ किंवा साधी मारहाण, पोलीस फक्त नोंद घेतात. तिलाच सगळे ‘एनसी’ म्हणतात. दंडाधिकाऱ्यांचा हुकूम असल्याशिवाय त्यांना तपास करता येत नाही. कोणता गुन्हा कुठे बसतो, हे कायद्याला जोडलेल्या तक्त्यात लिहिलेलं आहे. ते ठाण्यातल्या साहेबांच्या मर्जीवर नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघा. समजा, एक बाई ठाण्यात आली. अंमलदार विचारतात, “ताई, काय झालं?” ती मान खाली घालून सांगते, “साहेब, मालकांनी मारलं.” एवढंच. अंमलदार साध्या मारहाणीची एनसी लिहितात आणि कागद हातात देतात. बाई घरी येते. तिला वाटतं, केस झाली. नवऱ्यालाही वाटतं, केस झाली. तो दोन दिवस दबकून राहतो. पोलीस काही येत नाहीत. चौथ्या दिवशी त्याची भीड चेपते, आणि पुढचा मार जास्त असतो. कारण आता त्याला खात्री असते की, हिने तक्रार करूनही काही होत नाही.

त्याच बाईने सगळं सांगितलं असतं तर? दिवाळीपासून माहेरून टेम्पोसाठी पैसे आण म्हणून तगादा आहे. दोन-दोन दिवस जेवू देत नाहीत. काल रात्री हात पिरगाळला, मनगट सुजलंय. आता चित्र बदललं. पैशासाठीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पीडित बाईने किंवा तिच्या नातेवाइकाने खबर दिली की तो दखलपात्र होतो. ठाण्यातून ‘यादी’ घेऊन सरकारी दवाखान्यात तपासणी झाली आणि हाड मोडलेलं निघालं, तर तीही साधी मारहाण राहत नाही. कायदा असंही म्हणतो की, एका प्रकरणात चार गुन्हे असले आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं.

म्हणून भरतीला जाणाऱ्या मुलींना आमचं सांगणं : “काय झालं?” विचारून थांबू नका. “आधी कधी झालं होतं? कशावरून? कशाने मारलं? कुठे लागलंय?” हेही विचारा. समोरची बाई कायदा शिकून आलेली नसते. आणि आपल्याला सांगणं : लाजेपोटी अर्धं सांगू नका. मात्र जे घडलं तेवढंच सांगा. केस मजबूत व्हावी म्हणून पदरचं घालू नका. खोटी खबर देणं हा गुन्हा आहे, आणि एक खोटं सापडलं की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

1 जुलै 2024 पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. फिर्यादीचे नियम आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहेत. त्यातल्या पाच गोष्टी गाठीला बांधून ठेवा.

पहिली, “हे आमच्या हद्दीत येत नाही” हे कारण चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात.

दुसरी, फिर्याद तोंडी देता येते. पोलिसांनी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते.

तिसरी, बलात्कार, विनयभंग, पाठलाग अशा गुन्ह्यांत फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची.

चौथी, एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या आणि तिथेच बघा. प्रथम खबर असेल तर त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं असतात. ‘अदखलपात्र’ किंवा ‘एनसी’ असं लिहिलेलं असेल, तर तपास सुरू होणार नाही हे समजा आणि तिथेच विचारा, “साहेब, हे अदखलपात्र का धरलं?”

पाचवी, फिर्याद घेतलीच नाही, तर तीच हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिथेही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की, खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने आधी चौकशी करता येते, पण ती 14 दिवसांत संपवावी लागते. आणि बलात्कार, विनयभंग, अॅसिड हल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांत खबर नोंदवली नाही, तर त्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते.

मग एनसी अगदीच बिनकामाची का? नाही. तिच्या आधारे दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा हुकूम मागता येतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण मागताना हे जुने कागद उपयोगी पडतात. जपून ठेवा.

आणखी एक नियम. जबाबासाठी बाईला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. तिचा जबाब ती राहते तिथेच घ्यायचा. तिची स्वतःची तयारी असेल तरच तिने जायचं. हा नियम कशासाठी आहे, ते आपल्या महाराष्ट्रानेच पाहिलं आहे. 1972 मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीला रात्री जबाबासाठी आणलं होतं. तिथेच तिच्यावर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. तेव्हा 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या मुलीला ठाण्यात बोलावणंच मुळात बेकायदेशीर होतं, त्याबद्दल न्यायालयाने एक शब्दही काढला नाही, असं त्यांनी विचारलं. देशभरच्या बाया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. अटकेचंही तसंच आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादाची वेळ आली, तर महिला अधिकाऱ्यानेच, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन करायची.

तपास सुरू झाल्यावर पोलिसांनी 90 दिवसांच्या आत फिर्यादीला प्रगती कळवायची असते. कळवली नाही, तर गुन्हा रजिस्टर नंबर सांगून विचारायला जा. वकील परवडत नाही म्हणून मागे हटू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. आणि जीवावर बेतलं असेल, तर कागदाचा विचार नंतर, आधी 112 लावा.

मैदानावर धावणाऱ्या आमच्या लेकींनो, उद्या तुम्ही अंमलदाराच्या खुर्चीत बसाल. तेव्हा समोर अशीच एखादी बाई पदर सावरत उभी राहील आणि म्हणेल, “काही नाही मॅडम, जरा मारलं.” त्या ‘काही नाही’वर लेखणी टेकवू नका. तिला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि पुढचा प्रश्न विचारा.