क्लिपलेस पेडल (जुन्या माउंटन सायकलींसाठी)

क्लिपलेस पेडल म्हणजे सायकलस्वाराच्या बुटाच्या तळव्यावर बसवलेला 'क्लीट' हा धातूचा तुकडा स्प्रिंगच्या साहाय्याने पकडून ठेवणारे पेडल होय. पाऊल दाबताच क्लीट अडकते आणि टाच बाहेरच्या बाजूस वळवताच सुटते. जुन्या माउंटन सायकलीसाठी त्याच काळातील पेडल निवडताना पाऊल हमखास सुटेल की नाही, हा सर्वांत महत्त्वाचा निकष ठरतो.

नाव व इतिहास

पूर्वी पाऊल पेडलवर स्थिर ठेवण्यासाठी 'टो-क्लिप' हा पिंजरा आणि चामडी पट्टा वापरत. हा पिंजरा नसलेले पेडल ते 'क्लिपलेस'; पाऊल न अडकणारे पेडल असा त्याचा अर्थ नाही. स्कीचे बूट अडकवण्याची साधने बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये असे पेडल बाजारात आणले. १९८५ मध्ये बर्नार्ड इनो याने ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. त्याची क्लीट मोठी व तळव्याबाहेर आलेली असल्याने चालणे अवघड होई. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने एसपीडी पद्धत आणली. तिची लहान क्लीट दोन स्क्रूंनी तळव्याच्या खाचेत बसते, त्यामुळे सायकल हाती धरून चालता येते.

निवडीचे निकष

* आटे: तीन भागांच्या क्रँकला सामान्यतः ९/१६ इंच, तर एकसंध पोलादी क्रँकला १/२ इंच व्यासाचे पेडल लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चुकीच्या बाजूचे पेडल जोराने बसवल्यास ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कायमचे खराब होतात. आट्यांना ग्रीस लावल्यास पेडल जाम होत नाही.
* क्लीट: निरनिराळ्या कंपन्यांच्या क्लीट बहुधा एकमेकींच्या पेडलांत चालत नाहीत. क्लीट झिजणारी वस्तू असल्याने ती आज मिळते का, हे आधी पाहावे. एसपीडी पद्धतीच्या क्लीट आजही बनतात.
* पकड: स्प्रिंग गंजलेली नसावी आणि ताण कमी-जास्त करणारा स्क्रू फिरावा. ओन्झा कंपनीच्या जुन्या पेडलांत स्प्रिंगऐवजी रबरासारखे ठोकळे होते. असे ठोकळे वयोमानाने कडक होतात व पाऊल सुटणे कठीण होते.
* आस: पेडल हाताने फिरवून पाहावे. खरखर जाणवल्यास छरे झिजलेले असण्याची शक्यता असते. पेडल आसावर डुगडुगत असल्यास ते दुरुस्तीशिवाय वापरू नये.

डोंगराळ प्रदेशातील वापर

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. अशा घाटातील दीर्घ चढावर सायकलीचा वेग फार कमी होतो. तोल गेल्यास पाय क्षणात जमिनीवर टेकवावा लागतो. क्लीट न सुटल्यास स्वार सायकलीसह आडवा पडतो, आणि दरीच्या कडेला हे जिवावर बेतू शकते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तापीच्या खोऱ्यात काळी माती आहे. पावसाळ्यात ती चिकट होऊन पेडलच्या जबड्यात व बुटाच्या खाचेत साचते. तेथे चिखल सहज निसटेल अशी मोकळी रचना उपयुक्त ठरते. टाइम कंपनीची अटॅक मालिका आणि क्रँक ब्रदर्सचे चार बाजूंनी अडकणारे एगबीटर ही त्याची उदाहरणे होत.

एरवी चप्पल घालून बाजारहाटासाठीही तीच सायकल वापरायची असल्यास एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने क्लीट पकडणारे पेडल सोयीचे असते.

वापरापूर्वीचा सराव

सुरुवातीस स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी ठेवावा. भिंतीला टेकून उभे राहून दोन्ही पावले वारंवार अडकवून सोडवावीत, मग सपाट मोकळ्या मैदानावर सराव करावा. टाच वळवण्याची क्रिया विचार न करता होऊ लागल्यावरच घाटरस्ता निवडावा. ताण सर्वांत कमी ठेवूनही एखादे जुने पेडल क्लीट सोडण्यास अडखळत असेल, तर ते संग्रहात ठेवावे. सायकलीवर बसवू नये.